माशांच्या टँकमधली वाळू पुन्हा पुन्हा काळी पडते आणि वास मारते: काय करायचं, काय टाळायचं

लक्षणं बहुतेक घरांत सारखीच असतात. गोटे काढून वाळू घातली, पहिले दोन-तीन महिने टँक झकास दिसला. मग काचेतून बघताना वाळूच्या पोटात करडे डाग दिसायला लागले, हळूहळू ते काळे झाले. मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन फुटतो आणि झाकण उघडलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. घरातले वैतागतात आणि रविवारी सगळा टँक रिकामा होतो. मासे बादलीत, वाळू घमेल्यात, नळाखाली खसाखसा धुणं, फिल्टरचा स्पंजही त्याच नळाखाली पिळणं, मग नवं पाणी. दोन-चार दिवसांनी पाणी पांढुरकं होतं, आठवड्याभरात एखाद-दुसरा मासा दगावतो. आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच डाग.

सोलापुरात हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, विशेषतः मार्चनंतर. माझं उत्तर दर वेळी एकच असतं: टँक रिकामा करून वाळू धुणं हा यावरचा इलाज नाही. धुतल्याने डाग जातात, पण डाग पडायची कारणं जशीच्या तशी राहतात. शिवाय टँकमध्ये बसलेली उपयोगी जिवाणूंची घडीही मोडते.

वाळूत नेमकं काय होतं

बारीक वाळूत पाणी आपोआप फिरत नाही. वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच प्राणवायू पोचतो. त्याखाली उरलेलं खाणं, माशांची घाण, सडलेली पानं अडकली की तिथले जिवाणू असलेला प्राणवायू संपवतात. मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू कामाला लागतात. त्यातले काही पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, तोच सडक्या अंड्यांचा वास. हा वायू वाळूतल्या लोहाशी जुळला की काळं लोह सल्फाइड तयार होतं, तेच ते डाग.

आपल्याकडची नदीची वाळू दख्खनच्या काळ्या दगडातून, म्हणजे बेसाल्टमधून झिजून येते. त्यात लोह भरपूर. त्यामुळे आपल्या टँकमध्ये डाग लवकर आणि ठळक उठतात. पांढऱ्या सिलिका वाळूत तेवढीच सडण असली तरी डाग फिका दिसतो, म्हणून डागाच्या काळेपणावरून घाबरायचं किती ते ठरवू नका. वासावरून ठरवा.

हायड्रोजन सल्फाइड माशांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक आहे, हे खरं. पण वरच्या पाण्यात चांगली हवा खेळत असेल तर एखादा-दुसरा बुडबुडा वर येईपर्यंतच त्यातला बराच वायू निष्प्रभ होतो. शिवाय पाण्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) जितका जास्त, तितका त्याचा विषारी अंश कमी. पीएच ७ ला साधारण निम्मा भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आपलं पाणी जड म्हणजे क्षार जास्त असलेलं, बहुतेकदा पीएच ७ च्या वरच, त्यामुळे इथे थोडी सवलत मिळते. धोका तेव्हा होतो जेव्हा कुणीतरी सगळी वाळू हाताने एकदम उपसतो आणि साठलेला वायू एका झटक्यात पाण्यात सोडतो, तेही मासे आत असताना.

आधी बघा, डाग खरोखर तेच आहेत का

पातळ पाइपने चमचाभर काळी वाळू ओढून पांढऱ्या बशीत घ्या. वास घ्या. मग ती बशीत पातळ पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी तिचा काळेपणा जाऊन ती करडी किंवा तांबूस झाली असेल, तर ते लोह सल्फाइड होतं, हवेने उतरलं. तशीच काळी राहिली आणि वासही नव्हता, तर ती वाळूच मुळात काळी आहे. भीमेच्या वाळूत असे कण खूप असतात. बशीखालून लोहचुंबक फिरवलं तर त्यातले काही कण चुंबकाच्या मागे सरकताना दिसतील, ते मॅग्नेटाइटचे. त्यांचा सडण्याशी संबंध नाही.

फक्त काचेला चिकटून हिरवट-काळा पट्टा दिसतो आणि तो खिडकीच्या बाजूलाच आहे? मग ते उन्हामुळे वाढलेलं शेवाळ आहे. बाहेरून वाळूच्या उंचीएवढी काळी टेप लावा, उजेड तुटला की ते मरतं. वाळूच्या वर तपकिरी पातळ थर असेल तर ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. नव्या टँकमध्ये येतातच, काही आठवड्यांत कमी होतात, तोवर सायफनने, म्हणजे पाणी खालच्या बादलीत ओढणाऱ्या पाइपने, ओढत राहा.

वाळूच्या आत करडे-काळे डाग, वास आणि बुडबुडे हे तिन्ही असतील तरच पुढचं वाचून कामाला लागा.

परत परत का होतं

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण: वाळू जास्त. दोन फूट बाय एक फूट टँकच्या तळाला एक इंचाचा थर द्यायला साधारण ७ किलो वाळू पुरते. लोक आणतात वीस किलो, कारण पोत्यात मावली तेवढी भरून दिली आणि परत कशाला न्यायची म्हणून सगळी घातली. झाला तीन इंचांचा थर. झाडं नसलेल्या टँकमध्ये एक ते दीड इंच बास. मुळं धरणारी झाडं असतील तर मागच्या बाजूला दोन-अडीच इंच चालतील, कारण मुळं स्वतः आजूबाजूला थोडा प्राणवायू सोडतात. झाडांशिवाय तीन इंच म्हणजे खालचे दोन इंच सडण्यासाठीच राखून ठेवले.

दुसरं कारण जुन्या टँकमध्ये हमखास सापडतं: वाळूखालची प्लेट. आपल्याकडे वर्षानुवर्षं टँक विकताना तळाला जाळीदार प्लेट आणि तिला एअर पंपाची नळी, असंच दिलं जायचं. गोट्यांसाठी ती पद्धत उत्तम, पाणी गोट्यांतून खाली ओढलं जातं. पण गोटे काढून त्याच प्लेटवर वाळू घातली की कण फटींतून खाली उतरतात, फटी बुजतात आणि प्लेटखाली बंद पोकळी तयार होते. तिथे घाण साठते, पाणी फिरत नाही. वरून वाळू कितीही धुवा, मूळ त्या प्लेटखाली आहे. तुमचा टँक पाच-सात वर्षांपूर्वीचा असेल तर आधी हेच तपासा.

तिसरं, किल्ला, मोठे चपटे दगड, मडकं. त्यांच्याखालची वाळू कायम झाकलेली. डाग तिथूनच सुरू होऊन बाहेर पसरतो. चौथं, खाणं. गोल्डफिश असतील तर घाण दुप्पट धरा. मूठभर दाणे टाकून पाहुणे आले की पुन्हा मूठभर, हा प्रकार बंद करावाच लागतो. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा किंवा फार तर दोनदा. आठवड्यात एक दिवस उपास घातला तरी माशांचं काही बिघडत नाही.

आणि मग आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० च्या पुढे सहज जातो आणि खोलीतला टँक ३२-३३ अंशांवर येऊन बसतो. २५ अंशांना एका लिटर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना सुमारे ७.३. वरकरणी फरक थोडा वाटतो, पण त्याच वेळी उष्णतेने जिवाणूंचं काम वेगाने चालतं आणि माशांनाही प्राणवायू जास्त लागतो. त्यात दुपारी वीज गेली, पंप बंद, की वाळूतला उरलासुरला प्राणवायू काही तासांत संपतो. हिवाळ्यात जो टँक व्यवस्थित चालला तोच मेमध्ये का वास मारतो, याचं उत्तर हे. उन्हाळ्यात खाणं एक तृतीयांशने कमी करा आणि हवा वाढवा. घरात इन्व्हर्टर असेल तर एअर पंप त्यावर घ्या, चार-पाच वॅटचा पंप इन्व्हर्टरला जाणवतही नाही. नसेल तर चार्जिंगवर चालणारा पंप ठेवा.

आता डाग आहेत, वास आहे: काय करायचं

पाणी यायच्या दिवशी काम काढा. आपल्याकडे रोज पाणी येत नाही, त्यामुळे ड्रम भरलेला आणि मागून भर पडणार आहे अशी वेळ धरली तर काम अर्धवट सोडावं लागत नाही. ताज्या आलेल्या पाण्यात क्लोरीन असतं. टँकसाठी लागणारं पाणी वेगळ्या बादलीत काढून त्यात अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घाला.

एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीचा बुडबुडे सोडणारा दगड) जोरात सुरू करा. मासे आतच राहू द्या. किल्ला, दगड हलक्या हाताने बाहेर काढा. मग बोटाएवढ्या जाडीच्या पाइपने सायफन लावून काळी वाळूच थेट ओढून बादलीत घ्या. वाळू पाइपात शिरली की तिच्याबरोबर त्या जागेचा वायूही पाइपातूनच बाहेर जातो, टँकच्या पाण्यात फारसा मिसळत नाही. हाताने उपसण्यात आणि यात हाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे. पाइपाचं दुसरं टोक बोटाने दाबून प्रवाह कमी-जास्त करता येतो, म्हणजे डागाएवढीच वाळू निघते. टँकचा एक चतुर्थांश भाग झाला की थांबा. एवढ्यात तीस-चाळीस टक्के पाणी गेलेलं असतं, तेवढं नवं भरा. पुढचा चतुर्थांश आठ-दहा दिवसांनी. काढलेलं पाणी मोगऱ्याला, तुळशीला घाला. टँकमध्ये मीठ टाकलेलं नसेल तर झाडांना ते खतच आहे.

काढलेल्या जागी लगेच नवी वाळू भरू नका. तीन इंचांचे दोन इंच झाले तर उत्तमच, उरलेली वाळू पसरून सारखी करा.

फिल्टरला या दिवसांत हात लावायचा नाही. स्पंज फारच तुंबला असेल तर टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा दाबा आणि परत लावा. नळाखाली कधीच नाही. माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजावर राहतात आणि नळाच्या क्लोरीनने ते मरतात. नंतर जो मासा दगावतो तो बहुतेकदा वाळूमुळे दगावत नाही, या अमोनियामुळे दगावतो. आपल्याकडे हे जास्तच लागतं: ३० अंश तापमान आणि पीएच ८ असेल तर अमोनियाचा सात-साडेसात टक्के भाग विषारी रूपात असतो, पीएच ७ ला तो एक टक्क्याच्याही आत असतो. जड पाणी सल्फाइडच्या बाबतीत जी सवलत देतं, ती इथे व्याजासकट वसूल करतं.

प्लेट असेल तर मात्र टँक एकदा उघडावा लागतो, त्याला पर्याय नाही. पण घाई करू नका. आधी टँकमध्ये एक चांगला स्पंज फिल्टर सोडा आणि चार ते सहा आठवडे प्लेटबरोबर चालू ठेवा. तेवढ्या काळात त्यावर जिवाणू बसतात. मग मासे जुन्याच पाण्यात टबमध्ये घ्या, तो स्पंज फिल्टर त्याच टबमध्ये चालू ठेवा, वाळू आणि प्लेट काढा, तळ स्वच्छ करा, एक इंच वाळू परत घाला आणि अर्ध्याहून जास्त जुनं पाणी भरा. प्लेट पुन्हा घालायची नाही. एवढं एकदा नीट केलं की सगळा टँक पुन्हा उघडायची वेळ सहसा येत नाही.

पुढे पंधरा दिवसांतून एकदा विणायची जाड सुई किंवा तशी गुळगुळीत काडी घेऊन वाळूत ठिकठिकाणी टोचा, दर वेळी टँकचा एकच भाग. बुडबुडे आले आणि वास नसेल तर काळजी नको. सायफन वाळूत खुपसायचा नाही. वाळूच्या बोटभर वर गोल फिरवला की घाण उचलली जाते आणि वाळू खालीच राहते.

ट्रम्पेट गोगलगायी मिळाल्या तर आणा. दिवसभर त्या वाळूत शिरून राहतात, रात्री वर येतात, त्यामुळे वाळू आपोआप हलत राहते. त्या फार वाढल्या तर समजा खाणं जास्त पडतंय, एवढा सरळ हिशेब आहे. कोरी (कोरीडोरास) हे तळाशी फिरणारे मासे वाळू चाळतात हे खरं, पण बऱ्याच कोरींना ३० च्या वरचं पाणी मानवत नाही. मेमध्ये टँक थंड ठेवायची सोय नसेल तर फक्त वाळूसाठी त्यांना आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. झाडांत व्हॅलिस्नेरिया लावा. जड पाणी आणि उष्णता दोन्ही सोसते, मुळं दूरवर पसरतात.

वाळू कोणती

वाळूच चुकीची असेल तर वरचं सगळं करूनही त्रास राहतो. कण जाड रव्याएवढा हवा, म्हणजे अर्धा ते एक मिलिमीटर. त्याहून बारीक वाळू घट्ट बसते, त्यात पाणी खेळत नाही. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, नकोच: तिच्यात दगडाची भुकटी असते आणि कडा धारदार, तळाशी फिरणाऱ्या माशांच्या मिशा झिजू शकतात. बोअरच्या पाण्याचे मोठे फिल्टर बसवणाऱ्यांकडे फिल्टरची सिलिका वाळू मिळते. ती चाळलेली, एकसारख्या कणाची असते आणि मला तीच सगळ्यात भरवशाची वाटते.

नदीची वाळू वापरायची तर बांधकामाचं साहित्य विकणाऱ्याकडून घमेलंभर आणा. भीमेच्या किंवा सीनेच्या पात्रातून स्वतः उपसू नका, त्याला महसूल खात्याची परवानगी लागते. मग घरी तीन गोष्टी तपासा. पहिली: पारदर्शक बाटलीत चार बोटं वाळू, वर पाणी, जोरात हलवा, ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात बसते, गाळ तासन् तास तरंगतो आणि नंतर वर मऊ थर होऊन बसतो. तो थर दिसेनासा होईपर्यंत वाळू धुवायची, अर्धी-अर्धी बादली करून, हाताने ढवळून, वरचं गढूळ पाणी ओतत. दुसरी: वाळू सुकवून त्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. पांढऱ्या कणांभोवती फेस आला तर ती चुनखडी. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे भरपूर, नदीच्या वाळूतही येतात. ते पाण्यात हळूहळू विरघळून आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करतात. थोडे कण असतील तर चालेल, सगळीकडे फेस आला तर ती वाळू टँकची नाही. दुकानात मिळणारी पांढरी कोरल वाळूही याच कारणासाठी टाळा, जड पाण्यात राहणारे आफ्रिकन सिक्लिड मासे पाळत असाल तर गोष्ट वेगळी.

तिसरी, लोहचुंबक. मघाशी बशीखाली सरकलेले ते काळे कण सडत नाहीत, पण पॉवर फिल्टरच्या (मोटरवर चालणाऱ्या फिल्टरच्या) फिरत्या चुंबकाला जाऊन चिकटतात. फिल्टर घरघरायला लागतो, मग अडकतो. काच पुसायच्या चुंबकी ब्रशमध्ये अडकले तर काचेवर कायमचे ओरखडे. पिशवीत गुंडाळलेलं चुंबक धुतलेल्या वाळूतून काही वेळा फिरवलं की बरेचसे निघतात. पॉवर फिल्टरचं पाणी ओढणारं तोंड वाळूपासून तीन-चार इंच वर ठेवा आणि त्यावर स्पंज चढवा.

पाणी गढूळ झालं तर

वाळू घातल्याबरोबर करडं किंवा मातकट झालं असेल तर ती धूळ आहे. फिल्टरमध्ये कापसासारखी फायबर वूल घाला, एक-दोन दिवसांत बसते. पुढच्या वेळी पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडा. दोन-चार दिवसांनी पांढुरकं झालं आणि खाली बसतच नाही, तर ते जिवाणूंचं उमलणं आहे. टँकचा तोल गेला म्हणून ते वाढलेत. खाणं दोन दिवस बंद, हवा जोरात, अमोनियाचा टेस्ट किट असेल तर तपासा आणि जास्त आला तर रोज वीस-पंचवीस टक्के पाणी बदला. पुन्हा सगळं रिकामं केलं तर घड्याळ परत शून्यावर जातं.

काढलेली काळी वाळू फेकू नका. गच्चीवर पातळ पसरून आपल्या उन्हात दोन दिवस ठेवली की वास जातो, रंग उतरतो. धुऊन, बाटलीत हलवून बघितली की तीच वाळू पुढच्या वेळी भर घालायला चालते.